बिझनेस कम्युनिकेशन स्पर्धा: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

कॉलेजांच्या फेस्टचे बॅनर लागायला लागले की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येऊ लागतात. आठ वर्षं मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या विक्री विभागात पत्रव्यवहार सांभाळला. नंतर कॉमर्सच्या मुलांना हा विषय शिकवू लागले आणि आता अधूनमधून परीक्षक म्हणूनही बसते. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

ही वक्तृत्व स्पर्धाच ना, फक्त नाव इंग्रजी?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो, आणि तो आपल्याकडे जरा जास्तच आहे. शाळेपासून आपण "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग" पाठ केलेलं असतं. शेर, सुविचार, शेवटी आवाज चढवणं हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. वक्तृत्वात श्रोते टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. इथे समोरचा माणूस खरेदी अधिकारी, नाराज ग्राहक नाहीतर बँकेचा अधिकारी बनून बसलेला असतो. तुमचं बोलणं संपलं की त्याला काहीतरी करायचं असतं: ऑर्डर द्यायची, माल बदलून द्यायचा, फाईल पुढे सरकवायची.

एकदा रोल-प्लेमध्ये मी कर्ज अधिकारी होते. इचलकरंजीचा एक चुणचुणीत मुलगा जुने यंत्रमाग काढून नवे घेण्यासाठी कर्ज मागायला आला. "वस्त्र ही माणसाची मूलभूत गरज आहे" इथून सुरुवात करून तो तीन मिनिटं सुंदर बोलला. मी विचारलं, "किती पाहिजेत?" तो गप्पच झाला. रक्कम त्याने ठरवलीच नव्हती. भाषण म्हणून दहापैकी नऊ दिले असते, कर्जाचा अर्ज म्हणून तीन दिले.

तेव्हापासून गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात मी एकच ओळ लिहून ठेवते: "आता मी काय करायचं?" स्पर्धक बाहेर पडताना मला याचं उत्तर माहीत असलं, तर बाकीच्या चुकांकडे जरा प्रेमाने बघते.

मग या स्पर्धांत असतं तरी काय?

आपल्याकडच्या मॅनेजमेंट आणि कॉमर्स फेस्टमध्ये साधारणपणे ईमेल किंवा पत्रलेखन, प्रेझेंटेशन, गटचर्चा, मॉक इंटरव्ह्यू, ग्राहकाशी रोल-प्ले आणि बिझनेस पिच यांतल्या दोन-तीन फेऱ्या असतात. ठरलेला साचा नाही. आयोजकांच्या हौसेप्रमाणे बदलतो, कधीकधी आदल्या रात्रीसुद्धा.

अमेरिकेत मात्र हा प्रकार शाळा-कॉलेजांत कित्येक दशकं शिस्तीत चालू आहे. तिथली 'डेका' संघटना 1946 ची, 'बिझनेस प्रोफेशनल्स ऑफ अमेरिका' 1966 ची. 'एफबीएलए' (फ्युचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका) या तिसऱ्या संघटनेत तर बिझनेस कम्युनिकेशन नावाचीच स्पर्धा आहे, पण ती वस्तुनिष्ठ परीक्षेसारखी असते, त्यात भाषण नसतं. डेकाचा रोल-प्ले मला सगळ्यात आवडतो. एकट्या स्पर्धकाला प्रसंगाचा कागद देतात, वाचून तयारी करायला 10 मिनिटं आणि परीक्षकासमोर 10 मिनिटं. परीक्षक स्वतः मॅनेजर किंवा ग्राहक बनून बसतो. शिवाय कोणत्या मुद्द्यांवर गुण मिळणार, ते त्या कागदावर आधीच छापलेलं असतं. माझ्या सराववर्गात मी हाच नमुना वापरते. पहिल्या वेळी निम्मी मुलं मुद्द्यांची ती यादी वाचतच नाहीत.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी कच्चं आहे. नाव द्यावं का?

द्यावं. आधी नियम वाचा, काही स्पर्धांत मराठी किंवा हिंदीही चालतं. इंग्रजीच सक्तीचं असेल तरी घाबरण्यासारखं फार नाही, कारण लहान वाक्यांचं इंग्रजी इथे उलट फायद्याचं ठरतं. भारी शब्दांच्या मोहात इंग्रजी माध्यमाची मुलंच जास्त अडकतात.

माझी पद्धत सांगते. जे म्हणायचं आहे ते आधी मराठीत तीन ओळींत लिहा. मार्केट यार्डात अडत्याशी बोलताना बोलाल तशा मराठीत, निबंधाच्या मराठीत नको. "माल मंगळवारी येईल. गाडी तुमची. पैसे उतरवून घेताना." हे इंग्रजीत नेणं सोपं आहे. "सदर मालाची आवक होताच उचित कार्यवाही करण्यात येईल" हे इंग्रजीत नेणं कोणालाच सोपं नाही, आणि नेलं तरी माल कधी येणार ते कळत नाही.

व्याकरणाच्या दोन-चार चुका होतील, होऊ द्या. आकडा, तारीख आणि नाव मात्र चुकता कामा नये. या तिन्हींना भाषा लागत नाही.

बोलण्यात कोल्हापुरी हेल येतो. हसतील का?

हसले तर परीक्षकाचे गुण जातील, तुमचे नाही. हेल घालवायच्या मागे लागू नका. हेल दाबताना माणूस पोपटासारखा बोलायला लागतो आणि चेहरा मेलेला दिसतो. फक्त वेग सांभाळा. आपण घाईत वाक्याचं शेपूट गिळतो आणि नेमका आकडा तिथेच असतो. "नाद खुळा" वगैरे मित्रांसाठी राखून ठेवा, पण कोल्हापुरी मोकळेपणा ठेवा. ग्राहकाच्या फेरीत तो खूप उपयोगी पडतो.

पत्र किंवा ईमेलच्या फेरीत परीक्षक काय बघतात?

इथे जरा थांबते, कारण गुण इथेच मिळतात आणि मुलं इथेच कंटाळा करतात.

आपल्या भागात हमखास येणारा विषय म्हणजे थकीत बिलाचं स्मरणपत्र. समजा, तुम्ही उद्यमनगरातला लहान कारखाना आहात. पुण्याच्या कंपनीला 320 पंप बॉडी पाठवल्या, 12 जुलैला त्यांच्या स्टोअरने माल स्वीकारला, करार 30 दिवसांचा. आज 20 ऑगस्ट आहे, पैसे आलेले नाहीत. बहुतेक मुलं असं लिहितात:

"महोदय, आपणास नम्रपणे कळवण्यात येते की वारंवार विनंती करूनही आपल्याकडून अद्याप प्रतिसाद मिळालेला नाही. तरी सदर बाबीकडे गांभीर्याने लक्ष द्यावे ही विनंती."

हे वाचून अकाउंट्सचा माणूस काय करणार? कुठलं बिल, किती रुपये, कधीपर्यंत, काहीच नाही. शिवाय "वारंवार" हा शब्द भांडण लावतो. आता हे बघा:

"विषय: बिल क्र. 214, रु. 1,86,400, मुदत 11 ऑगस्टला संपली.
320 पंप बॉडी तुमच्या स्टोअरने 12 जुलैला स्वीकारल्या, पोहोच सोबत जोडली आहे. मालाबद्दल हरकत असल्यास 22 ऑगस्टपर्यंत कळवा. नसल्यास 29 ऑगस्टपर्यंत रक्कम जमा करावी. खात्याचा तपशील बिलावर आहे. अडचण असेल तर थेट मला फोन करा."

यात कुठेही आवाज चढलेला नाही. पण टाळाटाळीला जागाही नाही, कारण हरकत असली तर ती सांगायची तारीखसुद्धा दिली आहे.

हुशार मुलं पुढे कायदा आणतात. आणावा, पण नीट वाचून. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे देण्याची मुदत ठरलेली आहे. लेखी करार असेल तर करारातली तारीख पाळायची, पण माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे कोणताही करार जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. आता गंमत अशी की वरच्या प्रसंगात दहापैकी सात जण लिहितात, "कायद्याप्रमाणे 45 दिवसांत पैसे द्यावेत." अरे, करार 30 दिवसांचा आहे! 12 जुलैपासून 45 दिवस म्हणजे 26 ऑगस्ट. स्वतःच्या हाताने तुम्ही समोरच्याला पंधरा दिवस बक्षीस दिलेत. असं पत्र कितीही सफाईदार असलं तरी मी त्याला वर ठेवत नाही.

आणि पहिल्याच स्मरणपत्रात कायद्याचा बडगा उगारू नये. पुढच्या वर्षीही त्याच गिऱ्हाइकाला माल विकायचा असतो. पहिल्या पत्रात बिल नंबर, दुसऱ्यात व्याजाचा उल्लेख, तिसऱ्यात कायदा. हा क्रम मला कोणी शिकवला नाही, फौंड्रीच्या ऑफिसात मार खाऊन कळला.

ईमेलमध्ये आणखी कुठे गुण जातात?

विषयाची ओळ रिकामी ठेवण्यात. नाहीतर तिथे फक्त "विनंती" किंवा "महत्त्वाचे" लिहिण्यात. "सोबत जोडले आहे" म्हणून काहीच न जोडण्यात. आणि सीसीमध्ये अख्खं गाव घेण्यात. ज्याने काम करायचं तो 'टू'मध्ये, ज्याला फक्त माहिती हवी तो सीसीमध्ये, एवढं साधं आहे.

एक चूक माझी स्वतःची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ग्राहकाला दरपत्रक पाठवलं. खाली जुन्या मेलची साखळी तशीच राहिली आणि तिच्यात आमचा आतला हिशोब होता: कितीपर्यंत खाली यायचं, कुठे अडून बसायचं. ग्राहकाने अत्यंत नम्र उत्तर दिलं आणि बरोबर त्याच आकड्याची मागणी केली. तेव्हापासून पाठवण्याआधी मेल तळापर्यंत खाली सरकवून बघते. तुम्हीही बघा.

कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र लिहायला सांगितलं असेल तर नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता यांसोबत सीआयएन, म्हणजे 21 अक्षर-अंकांचा कंपनी ओळख क्रमांक, हवा. 2013 च्या कंपनी कायद्याने तो पत्रांवर छापणं बंधनकारक आहे. प्रसंगात दिलेला नसेल तर जागा सोडून "सीआयएन" एवढं लिहा. परीक्षकाला कळतं की या मुलाने खरं लेटरहेड कधीतरी हातात धरलंय.

नुसत्या एका पत्राने खरंच काही होतं का?

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. समाजमाध्यमांवर संताप उसळला, तो साहजिकच होता. पण त्याचबरोबर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अॅग्रिकल्चरने कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन हा हातात असलेला भक्कम कागद होता. प्राडाने उत्तर देऊन या चपला भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरित असल्याचं मान्य केलं, आणि पुढे त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटायला आली.

सराववर्गात मी हाच प्रसंग देते: "तुम्ही कारागिरांच्या वतीने लिहिताय, दोनशे शब्द." पहिल्या खर्ड्यात सगळे छत्रपतींपासून सुरुवात करतात. दुसऱ्या खर्ड्यात राग खाली बसतो आणि मागणी वर येते: नाव द्या, मानांकनाचा मान ठेवा, कारागिरांशी बोला. मिलानमध्ये बसलेल्या माणसाला आपला इतिहास माहीत नाही, त्याच्या टेबलावर काय ठेवायचं ते ठरवा.

रोल-प्लेची तयारी घरी कशी करायची?

घरात दुकान असेल तर तुम्ही नशीबवान. हुपरीच्या एका मुलीला मी कधी काही शिकवलंच नाही. तिच्या घरी चांदीचा व्यवसाय, ती लहानपणापासून पैंजणांच्या गिऱ्हाइकांशी बोलत आलेली. प्रसंग होता: "घुंगरू सैल झाले म्हणून ग्राहक चिडून आला आहे." बाकीचे स्पर्धक लगेच माफी मागत होते किंवा पावती मागत होते. ती म्हणाली, "दाखवा बघू." पैंजण हातात घेतल्यासारखं केलं, दोन सेकंद बघितलं आणि मग विचारलं, "लग्न कधी आहे?" ग्राहकाला घाई का आहे, तेच तिने आधी काढून घेतलं.

दुकान नसेल तर दोघं बसा आणि एकाने हट्टी ग्राहक व्हा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. ऐकताना एकच मोजा: तुम्ही किती प्रश्न विचारले. सहा मिनिटांत एकही प्रश्न नसेल तर तो संवाद नव्हता. परीक्षक मुद्दाम अर्धीच माहिती देतो, उरलेली तुम्ही विचारून काढावी हीच परीक्षा असते.

गटचर्चेत कोणी बोलूच देत नाही. काय करू?

आरडाओरडा करणाऱ्याला मीही गुण देत नाही, धीर धरा. कोणाचं वाक्य संपलं की त्याचं नाव घेऊन सुरुवात करा: "अमृता म्हणाली तो खर्चाचा मुद्दा धरून..." नाव ऐकलं की लोक क्षणभर गप्प होतात. तेवढी फट पुरते.

स्लाइड किती ठेवाव्यात?

तुम्हाला वाटतात त्याच्या निम्म्या. क्वीन्सलंड विद्यापीठाने 2008 मध्ये सुरू केलेल्या 'थ्री मिनिट थीसिस' स्पर्धेत संशोधकांना सगळं संशोधन तीन मिनिटांत आणि एकाच स्थिर स्लाइडवर मांडावं लागतं. 80,000 शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला 9 तास लागतील, असं त्यांचंच गणित आहे. ते जर एका स्लाइडवर बसत असेल, तर तुमच्या सोलकढीच्या स्टार्टअपला बावीस कशाला?

वेळ संपली तर गुण कापतात का?

बहुतेक ठिकाणी कापतात, काही ठिकाणी थेट बाद करतात. टोस्टमास्टर्स ही बोलण्याचा सराव करून घेणारी 1924 ची संघटना, तिच्या भाषण स्पर्धेत 5 ते 7 मिनिटांची मर्यादा असते. पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल दिवा. दोन्हीकडे 30 सेकंदांची सवलत, त्यापलीकडे स्पर्धक बाद, कितीही चांगला बोलला तरी. आपल्याकडे घंटा वाजवतात आणि स्पर्धक "फक्त शेवटचा मुद्दा" म्हणत आणखी तीन मांडतो. मुख्य मागणी पहिल्या मिनिटात सांगून टाका, मग घंटा कधीही वाजू दे.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

नियमात मनाई असेल तर प्रश्नच मिटला. मनाई नसेल तर सरावाला जरूर वापरा: त्याला चिडलेला ग्राहक व्हायला सांगा, तुमच्या पत्रातले संदिग्ध शब्द शोधायला सांगा. पण लिहून घेतलेलं पत्र ओळखू येतं. ते सगळ्यांशी सारखंच गोड बोलतं आणि बिलाचा नंबर विसरतं. नंतरच्या तोंडी फेरीत "ही तारीख का निवडलीत?" असं विचारलं की मग पंचाईत होते.

कपडे?

स्वच्छ, इस्त्रीचे आणि ज्यात बसता येतं असे. भाड्याचा ब्लेझर खांद्यावरून घसरत असेल तर तो नकोच. चपला कोल्हापुरी चालतील, करकर वाजणाऱ्या नकोत.

कोल्हापुरात आणि बाहेर संधी कुठे आहेत?

कॉलेजांचे फेस्ट आहेतच. त्यांच्या पोस्टरवर "बेस्ट मॅनेजर", "अॅड-मॅड", "मॉक इंटरव्ह्यू" अशी नावं शोधा, "कम्युनिकेशन" हा शब्द क्वचितच दिसतो. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात वक्तृत्व आणि वादविवाद असतात. प्रकार वेगळा, पण उभं राहायची भीती तिथे मोडते.

मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते 'आविष्कार'. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने 2006 पासून चालू असलेलं हे विद्यापीठांचं संशोधन संमेलन. वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी असा त्यात स्वतंत्र गट आहे. पोस्टरशेजारी उभं राहून अनोळखी परीक्षकाला दोन-तीन मिनिटांत आपलं काम समजावून सांगणं, यापेक्षा चांगला सराव फुकटात मिळत नाही. गुळाची प्रतवारी असो की यंत्रमाग कामगारांचं बचतीचं गणित, विषय आपल्या आसपासचे घ्या. मुंबईपर्यंत जायची तयारी असेल तर आयआयटी मुंबईच्या ई-सेलची, म्हणजे तिथल्या उद्योजकता मंडळाची, 'युरेका' आहे, पण ती धंद्याच्या कल्पनेची स्पर्धा आहे, नुसत्या बोलण्यावर निभत नाही.

जोडीदार कसा निवडू?

जिवलग मैत्रीण नको. तुम्ही चुकलात तर तोंडावर सांगेल अशी निवडा.

आई-बाबा म्हणतात, अभ्यास सोडून हे काय?

त्यांना सांगा, कॅम्पस इंटरव्ह्यूत गुणपत्रिका सगळ्यांकडे असते. आणि हो, बायोडेटात "सहभाग" असं मोघम लिहू नका. "थकीत बिलाच्या वाटाघाटीच्या फेरीत दुसरा क्रमांक" असं लिहा. वाचणारा तिथे थांबतो आणि पुढचा प्रश्न त्यावरच विचारतो, म्हणजे मुलाखतीचा एक प्रश्न तुम्हीच ठरवलात.

नंबर आला नाही. गुणपत्रक मागितलं तर वाईट दिसेल का?

अजिबात नाही, पण त्याच दिवशी स्टेजजवळ परीक्षकाला गाठून नको. आम्हालाही तेव्हा चहा आणि शेवटची एसटी दिसत असते. दोन दिवसांनी आयोजकांना मेल करा: स्पर्धेचं नाव, तुमचा स्पर्धक क्रमांक, फेरी, आणि "कोणत्या मुद्द्यावर सगळ्यात कमी गुण मिळाले, एवढं कळेल का?" निकाल बदलण्याची मागणी नको. असा मेल आला तर मी स्वतः उत्तर देते. गेल्या हंगामात मला असे अकरा मेल आले. त्यातल्या सहांमध्ये विषयाची ओळ रिकामी होती.